दोन दळणांवर वाडी

आमच्या घरमालकांस्नी कुणी इचारलं, नरसोबाची वाडी हितनं किती लांब हाय, तर ते म्हणायचं, "दोन दळणं."

इचारणारा पावणा बावचळायचा आन माझ्याकडं बगायचा. मी मान हलवायचो, व्हय व्हय, दोनच. मला तरी कुठं किलोमीटर कळतंय. रस्त्याकडंच्या दगडावरला आकडा मला वाचाय येतोय, गावाचं नाव न्हाय. म्हंजे किती लांब ते मला कळतं, काय लांब ते न्हाय.

मालकांचा हिशोब सोपा हुता. काकी, म्हंजे मालकांची बायको, त्यास्नी कामाबिगर सायकलवर बसू द्यायच्या न्हाईत. नुसतं "चक्कर मारून येतो" म्हणाय त्या घरात बंदी हुती. मग मालक जोंधळ्याचा डबा घिऊन गिरणीत जायचं. नंबर लावला की पीठ हातात पडूस्तवर येळ मोकळा. तेवढ्यात जिथवर जाऊन माघारी येता येतंय, ते एक दळण. रंकाळ्याला फेरी म्हंजे पाव दळण. पन्हाळा एक दळण, पर गिरणीची लाईट गेली तरच. वाडीला दोन दळणं लागायची, म्हणून मालक दोन गिरण्यांत दोन डबं ठेवायचं, एकात जोंधळं, एकात गहू. दोन गिरण्यांत एकदम डबं ठेवल्यावर येळ दुप्पट कसा हुतो, ह्ये मला आजून कळल्यालं न्हाय. पर मालक हापिसात हेडक्लार्क हुतं, त्यास्नी कळत आसणार.

मी त्यांच्या मागल्या खोलीत भाड्यानं ऱ्हायचो. मंडपवाल्याकडं खांब रोवायचं काम. लगीनसराई संपली की मी रिकामा, आन रिकामा माणूस काकींच्या नजरंला पडला की त्येच्या हातात कायतरी यायचंच. कवा लसूण, कवा झाडू. जेवण त्यांच्याकडंच आसायचं, म्हणून नगं म्हणता यायचं न्हाय.

मालकांनी रिटायर झाल्यावर गेरची सायकल घेतली. लोकं रिटायर झाल्यावर काशीला जात्यात, त्येंनी दुकानात जाऊन ही आणली. दारात आणून उभी केली तवा काकींनी तिला खालपासनं वरपर्यंत बगितलं आन म्हणाल्या, "एवढी बारीक? हिला घरात काय खायाला घालणार हायसा का न्हाय?" तवापासनं ती सायकल काकींची सवत. आमच्यासमोर त्या तिला सायकल म्हणायच्या न्हाईत, "ती" म्हणायच्या. "तिला आत घेतलीसा, आन धुणं भाईर भिजतंय."

मालकांनी सायकलीसंगट तंग काळी चड्डी बी आणल्याली. मागं गादी शिवल्याली चड्डी. पयल्यांदा वाळत घातली तवा मी काकींस्नी इचारलं, ह्यो उशीचा आभ्रा कुणाचा. ती चड्डी घालून मालक गिरणीच्या लायनीत उभारलं तशा बायका आपलं डबं सोडून लांब जाऊन थांबल्या. मालक खुश, नंबर लवकर लागला. पर गोष्ट काकींच्या कानावर गेली. मग कायदा झाला, गिरणीपर्यंत वरनं लेंगा, गिरणीच्या पुढं काय बी करा. गिरणीच्या पल्याड एक लिंबाचं झाड हुतं, त्येच्या फांदीवर मालकांचा लेंगा लटकायचा. लेंगा दिसला की सगळ्या पेठंला कळायचं, मालक भाईरगावी हायत.

डोक्यावरलं हेल्मेट तर त्येंनी घरात बी काढायचं सोडलं. भजी तळायचं काम त्यांच्याकडं हुतं. तेल उडतं म्हणून हेल्मेट घालून, काच खाली वडून तळायचं. मी हसलो. दुसऱ्या घाण्याला मिरची फुटली आन माझ्या कपाळावर आली. त्येच्यानंतर मी मंडपवाल्याची बादली डोक्यावर घालून मदतीला बसायचो. काकी भाईरनं आल्या, आमा दोघास्नी बगितलं, आन तशाच परत भाईर गेल्या.

मालकांची एक म्हण हुती, सोताच केल्याली. "घरचं काम म्हंजे चढ, सायकल म्हंजे उतार. चढ चढल्याबिगर उतार कुणाच्या बापाला गावलाय?" ह्ये ते भांडी घासताना म्हणायचं. घासताना पाय बी हालायचं त्यांचं, पायडल मारल्यागत.

हंगाम बदलला की घरातली कामं बदलायची, आन मालक परत्येक कामाला सायकल जोडायचं. उन्हाळ्यात माडीवर कुरडया, सांडगं, शेवया वाळत पडायचं. राखणीला मालक. त्येंनी सायकल माडीवर न्हेली, मागल्या चाकाला काकींच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या, आन स्टँडवर चढवून पायडल मारत बसलं. कावळं पळालं ह्ये खरं. पर चिंध्यांच्या वाऱ्यानं शेवया बी पळाल्या. खालच्या गल्लीत एका म्हाताऱ्याच्या टोपीवर शेवयांचा पाऊस. मी गोळा कराय गेलो. म्हातारा म्हणाला, घे की, मला काय करायच्यात, पर टोपी ठिऊन जा. मी त्येची टोपी बी घिऊन आल्तो.

पावसाळ्यात आमच्याकडं कापडं वाळत न्हाईत, आठ-आठ दिवस दमट वास मारत्यात. मग सायकल सोप्यात. चाकाला पुठ्ठ्याची पाती चिकटवून पंखा, समोर दोरीवर धुणं. मालक पायडल मारत खिडकीतनं पाऊस बगायचं आन सांगायचं, "आता हातकणंगलं गेलं बग. आता जयसिंगपूर." धुणं वाळूस्तवर ते कुरुंदवाडला पोचायचं. एकदा मला बसवलं. मी जोर लावला आन माझ्या पँटचा पाय चेनीत गेला. पँट फाटत गुडघ्यापर्यंत आली तरी मी थांबलो न्हाय, मला वाटलं जयसिंगपुरात आडवं वारं लागलंय.

आन थंडीत दूध. सकाळी म्हशी पिळत्यात त्या कट्ट्यावरनं धारोष्ण दूध आणायचं काम मालकांचं. किटली हँडलला लावून गेलं की ऊन चढल्यावर यायचं. एकदा काकींनी किटलीचं झाकण उघडलं तर वर लोण्याचा गोळा तरंगतोय. जोतिबाचा डोंगर चढून-उतरून दूध घुसळून निघाल्यालं. काकी म्हणाल्या, "दूध आणाय गेल्तासा का लोणी?" मालकांनी किटलीत डोकावलं आन म्हणालं, "बग की, तुजं येक काम वाचलं."

ह्ये सगळं काकींनी सोसलं. बोलायच्या, पर सोसायच्या. फाटलं ते तांदळावरनं.

काकींचा भाऊ-भावजय जेवाय येणार हुती. मटण चुलीवर, रस्सा तयार, आन बगत्यात तर तांदूळ संपल्याला. काकी मालकांस्नी म्हणाल्या, पटकन तांदूळ घिऊन या. कोपऱ्यावर दुकान हाय. आता कुठला बी माणूस कोपऱ्यावर गेला आसता. मालकांच्या मनात आलं, सासरची माणसं येणार, त्यास्नी साधा तांदूळ कशाला, आजऱ्याचा घनसाळ आणू.

आजरा म्हंजे किती दळणं, ह्येचा हिशोब त्येंनी सोता बी केला न्हाई.

दुपार झाली. पावणं ताटावर बसलं. मला शोधाय धाडलं. मी रंकाळ्यावर शोधलं, भेळ खाल्ली, माघारी आलो, न्हाईत म्हणून सांगितलं. माझ्या तोंडाला शेव चिकटल्याली काकींनी बगितली, पर तवा त्यास्नी बोलाय येळ न्हवता. पांढरा रस्सा वाटीत आन तांदूळ आजऱ्यात. पावण्यांनी भाकरीवर भागवलं आन जाताना भावानं इचारलं, दाजी आमच्यावर रागावल्यात का काय?

दिवा लावायच्या येळंला मालक आलं. तोंड उतरल्यालं, पाय वाकडं, पर कॅरियरला तांदळाचं पोतडं. "वास बग," म्हणालं.

काकींनी वास घेतला न्हाई. त्या म्हणाल्या, "हितनं पुढं घरातलं येक जरी काम चुकलं, तर सायकल भंगारात. मी तोंडानं बोलल्येय, आता माघार न्हाय."

काकी बोलल्या म्हंजे बोलल्या. दुसऱ्या दिवशी गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्याला त्येंनी सांगूनच ठेवलं. तवापासनं त्यो दर रविवारी आमच्या दारात गाडा थांबवायचा आन आत हाक मारायचा, "काकी, चुकलं का काय?" काकी आतनं म्हणायच्या, आजून न्हाई. त्यो जायचा. मालक तेवढा येळ सायकलीवर हात ठिऊन उभारल्यालं आसायचं, जनावराचा इलाज चालल्यावर धनी उभारतो तसं.

मालक सुधारलं. दळण येळंवर, दूध पातळ, तांदूळ कोपऱ्यावरचा. घरात एकदम शिस्त आली. नुसतं मला करमंना झालं.

आशात चटणीचा दिस आला.

भाईरच्या लोकास्नी चटणी म्हंजे ताटातला ठिपका वाटतो. आमच्यात ती येकदाच करायची, वर्षाची. त्यात इस्कोट झाला तर वर्षभर रोज दोन टायमाला आठवण हुती. मिरच्या निवडायच्या, उन्हात तापवायच्या, खोबरं, तीळ, धनं, कांदा, लसूण, समदं भाजून-तळून डंकात, म्हंजे कांडपाच्या गिरणीत, कुटून आणायचं. काकी सोता डंकावर जाऊन, पदर नाकाला लावून, आपली मिरची दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून राखण करत उभारायच्या. पर त्या साली त्यांचा गुडघा सुजला हुता. इलाज न्हवता. चटणीचं सामान मालकांच्या हातात देताना त्यांचं तोंड पोरगी सासरला धाडल्यागत झालं.

मीठ त्येंनी माझ्या हातात दिलं. "ह्ये तुझ्याकडं. शेवटाला घालायचं. मीठ न्हाई पडलं तर चटणी टिकत न्हाय." मी म्हटलं, काकी, मी काय ल्हान हाय?

गल्लीच्या तोंडाला डंक हुता. मालक न्हाई म्हणालं. पन्हाळ्याच्या वाटंवर एका गावातला डंक सावकाश चालतो, चटणी जळत न्हाय, म्हणून तिकडं जायचं. मला कळलं. काम बी हुणार, फेरी बी हुणार, आन बोल लागणार न्हाय. हेडक्लार्कच त्यो.

ते त्यांच्या सायकलीवर, मी माझ्या. माझी सायकल मंडपवाल्यानं टाकून दिल्याली, मंडपाच्या दोरीनं बांधल्याली. ब्रेकच्या जागी माझी चप्पल. हँडल येका अंगाला वळल्यालं, त्यामुळं सरळ जायचं आसलं तर मला उजवीकडं बगाय लागायचं. त्या हँडलवरनं मिठाची पिशवी सारखी घसराय लागली म्हणून वाटंत मी ती काढली आन मालकांच्या हँडलला आडकवली. कागदाची पिशवी, वरनं फडकं बांधल्यालं. मालक पुढं बगत हुतं, त्यास्नी म्हाईत बी न्हाई.

डंकावर पोचलो. सायकली भाईर, आमी आत. आत गेल्याबरोबर शिंका सुरू. मालकांनी हेल्मेटची काच खाली वडली, ते बरं हुतं. माझी बादली घरात ऱ्हायल्याली. डोळ्यातनं, नाकातनं, जिथनं जिथनं पाणी यायची सोय हाय तिथनं पाणी. डंकवाल्या मावशीनं मिरच्या घातल्या, मसाला घातला, लसूण घातला. मग माझ्याकडं बगून इचारलं, "मीठ मसाल्यातच घातलंय न्हवं?"

मला तवाच शिंक आली. शिंकंला डोकं खाली गेलं. मावशीला वाटलं, मी व्हय म्हणालो.

तिनं चटणी बांधून दिली. रंग आसा की बगून घाम यावा. मालक खुश, मी खुश. निम्म्या वाटंवर आलो आन वळवानं गाठलं. आधी धुरळा, मग टपोरं थेंब, मग गारा. आडोशाला झाड सुदीक न्हाय.

आता मालकांच्या सायकलीच्या सीटखाली येक प्लास्टिकचा निळा कागद घडी घालून ठेवल्याला आसायचा. त्यो सायकलीचा. पाऊस आला की मालक सोता भिजायचं आन तिला पांघराय घालायचं. म्या त्यास्नी कैकदा भर पावसात, कागदात गुंडाळल्याली सायकल खांद्यावर घिऊन चालताना बगितलंय. गंज म्हटलं की त्यास्नी झोप यायची न्हाई.

त्येंनी कागद काढला. येकदा सायकलीकडं बगितलं, येकदा चटणीच्या गठळ्याकडं. लई येळ न्हाई, पर बगितलं. मग चटणीला कागद गुंडाळला, पार बाळुत्यागत, आन म्हणालं, "हिला काय झालं तर तिला बी जावं लागंल. हिला आधी झाकाय पायजे."

पाऊस थांबल्यावर मालकांनी हातानं सायकल पुसाय घेतली. हँडलवरनं पांढरं पाणी दांडीवर, दांडीवरनं गेरवर, गेरवरनं चेनीवर ठिबकत हुतं. त्येंनी बोट लावून बगितलं आन बोट जिभंला लावलं.

"गड्या," त्येंनी मला इचारलं, "ह्यो पाऊस खारट कसा?"

हँडलला नुसतं फडकं लोंबत हुतं. मीठ सगळं त्यांच्या सायकलीनं खाल्ल्यालं. चटणीत पडाय पायजे हुतं तिथं पडलं न्हाई, आन जिथं पडाय नगं तिथं पडलं. दोन्ही मीच केल्यालं. मी बोलायला तोंड उघडलं आन शिंकलो.

मालक शिव्या दितील म्हणून मी वाट बगत उभारलो. ते नुसतं सायकल हातात धरून चालाय लागलं, मी मागनं. दोघं भिजल्यालं, मिरचीनं डोळं लालभडक, नाकं गळतायत, आन मालकांच्या कॅरियरला निळ्या कागदात गुंडाळल्यालं गठळं. शिवाजी पुलावर येक वळखीचा गाडी थांबवून उतरला. आमची तोंडं बगून त्येनं टोपी काढली आन हळू आवाजात इचारलं, "कोण गेलं?"

मालकांनी सायकलीकडं बगितलं. "आजून न्हाई," म्हणालं, "रविवारी हाय."

घरात काकींनी गठळं सोडलं, चिमूट तोंडात टाकली, आन आमच्याकडं बगितलं. "मीठ?"

मी बोलायच्या आधी मालक म्हणालं, "माझ्याकडनं ऱ्हायलं."

काकींनी निळा कागद उलटून-पालटून बगितला, वाळत घातला. मीठ भाजून, कुटून, परातीत चटणीत कालवत बसल्या. गुडघा लांब करून, कोपरापर्यंत हात लाल. चटणी वाचली. पर काम चुकल्यालं ते चुकलंच, आन बोललेलं माघारी घ्यायची त्यांची रीत न्हवती. आमास्नी तिघास्नी बी ते ठावं हुतं.

शनवारी मालकांनी सायकल गोड्या पाण्यानं धुतली. चेन काढून रॉकेलात घासली, तेल दिलं. जायचीच हाय तर गंजून कशाला जाऊ दे, म्हणालं. त्या दिवशी त्येंनी भांडी घासली तवा पाय हालत न्हवतं.

रविवारी गाडा थांबला. "काकी, चुकलं का काय?"

काकी भाईर आल्या. "चुकलं."

भंगारवाला, इतकं रविवार इचारत आल्याला माणूस, पर उत्तर आल्यावर त्येलाच कसंतरी झालं. मालकांनी सोताच सायकल वट्ट्यावरनं खाली उतरवली, लेंगा सारखा केला, आन हेल्मेट काढून हँडलला आडकवलं. सायकल आल्यापासनं डोस्क्यावर हेल्मेट नसल्यालं मालक मी पयल्यांदाच बगितलं. टक्कल निम्मं गोरं हुतं.

"थांबा," काकी म्हणाल्या. "मीठ मी कुणाच्या हातात दिल्तं?"

मालक म्हणालं, आगं, मी सांगितलं की माझ्याकडनं...

"तुमास्नी इचारलं न्हाई. मीठ कुणाकडं हुतं?"

गल्ली सगळी माझ्याकडं बगाय लागली. मी म्हटलं, माझ्याकडं.

"मी काय बोलले हुते? काम चुकलं तर सायकल भंगारात. कुणाची, ते बोलले हुते का?" त्येंनी भंगारवाल्याला माझी सायकल दावली. "ती न्हे."

खरा आपमान पुढंच हाय. भंगारवाल्यानं माझ्या सायकलीभोवती येक फेरी मारली, दोरी वडून बगितली, आन हात जोडलं. "काकी, ही नगं. माझ्या गाड्यावर चांगला माल हाय." काकींनी लई गळ घातली. मी बी घातली, आता इज्जतीचा परश्न झाल्ता. शेवटाला त्यो उपकार केल्यागत कबूल झाला, आन बदल्यात त्येनं प्लास्टिकची येक बरणी दिली. झाकण तिचं तिचं न्हवतंच, दुसऱ्या कशाचं तरी दाबून बसवल्यालं.

मालकांनी गाडा दिसायचा बंद हुईस्तवर दम धरला. मग हेल्मेट डोक्यावर घातलं आन काकींस्नी इचारलं, जोंधळं संपत आल्यात का गं? काकी म्हणाल्या, डबा भरून ठेवलाय, लेंगा घालून जावा.

वर्षाची चटणी काकींनी त्याच बरणीत भरली. रोज जेवाय बसलं की काकी ताटावरनं मान वर न करता म्हणायच्या, "जरा ती सायकल द्या वो हिकडं." मालक बरणी सरकवायचं, काकींच्याकडनं ती माझ्याकडं यायची, माझ्याकडनं परत मालकांकडं. पावणं आलं तर त्यांच्या बी हातात जायची. ब्रेक न्हाई, दोरी न्हाई, सरळ जायाला कुणाला उजवीकडं बगाय लागत न्हाई. माझ्याकडं हुती तवा ती एवढी कवा फिरली न्हवती.